मायबाईची भीती आणि जगाचे नियम

श्रोतेहो, नमस्कार. गोष्ट 1994 सालच्या सप्टेंबरमधली आहे. सुरतेत प्लेगची साथ पसरल्याच्या बातम्या येत होत्या आणि तिथे मजुरीला गेलेला आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावचा एक तरुण रात्रीच्या वेळी अंगात ताप घेऊन घरी परतला. आईने त्याला आतल्या खोलीत लपवले. अर्ध्या आळीला ते ठाऊक होते, तरी कोणी बोलेना. कारण गावाचे नाव बदनाम झाले तर शेजारच्या वावरात मजुरांना कोणी उभे करणार नाही, ही धास्ती होती. माझे वडील तेव्हा पोलीस पाटील होते. ते ओसरीवर बसून त्या माउलीला म्हणाले, “मायबाई, मी तुह्या पोराले न्याले नाही आलो, त्याच्यासाठी डॉक्टर आणाले आलो.” मग त्यांनी कोतवालाला सायकलवरून प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवले. उजाडता उजाडता डॉक्टर जीपने आले, त्यांनी रक्ताचा नमुना घेतला आणि घरातल्या सर्वांना टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दिल्या. पुढे तो हिवताप निघाला. उगाच बोभाटा केला, असे काहींनी वडिलांना सुनावले. डॉक्टरांनी मात्र ‘शंका आली त्याच रात्री कळवलेत’ म्हणून त्यांचे आभार मानले.

2005 साली मंजूर झालेले आणि 15 जून 2007 पासून लागू असलेले आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम हेच सांगतात. खात्री होईपर्यंत थांबू नका. 196 देश या नियमांनी बांधलेले आहेत. घटना गंभीर आहे का, अनपेक्षित आहे का, सीमेपलीकडे पसरेल का, प्रवास-व्यापारावर निर्बंध येतील का, या चारांपैकी दोन प्रश्नांचे उत्तर ‘होय’ आले, तर जागतिक आरोग्य संघटनेला कळवावेच लागते. पडताळणीला 48 तास, त्यानंतर कळवायला 24 तास. पुन्हा सांगतो, 48 आणि 24.

देशांनाही त्या माउलीसारखीच भीती वाटते. 1994 मध्ये काही देशांनी भारताची विमाने आणि माल रोखला होता. म्हणूनच, कळवणाऱ्या देशावर गरजेपेक्षा जास्त निर्बंध लादू नयेत, असेही हे नियम बजावतात. रोगाला गावाचे नाव चिकटवणे हा तर मला सरळ अन्याय वाटतो. 2015 पासून जागतिक आरोग्य संघटनाही नव्या रोगांना स्थळांची नावे देऊ नका, असे सांगते.

जगाला कळवण्याचे आपल्या देशाचे केंद्र दिल्लीत आहे, परंतु तिथवर खबर आपल्या आळीतूनच जाते. एकाच वस्तीत पाठोपाठ माणसे तापाने फणफणली, तर त्याच दिवशी आशाताईंना सांगा. कोंबड्या पटापट मरू लागल्या, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा आणि मेलेल्या कोंबडीला उघड्या हाताने शिवू नका. पहिला माणूस कोणत्या दिवशी आजारी पडला आणि त्याआधी तो कुठे जाऊन आला होता, हे मात्र आठवून सांगा.