धोतरातला स्पायडर-मॅन

या कॉमिकचं एक पान डोळ्यांसमोर आणा. लाल मुखवटा, छातीवर कोळी आणि कमरेला चक्क धोतर. जाळं फेकत निघालेला हा मुलगा न्यूयॉर्कचा नाही, आपल्या मुंबईचा आहे. नाव पवित्र प्रभाकर.

साल २००४. स्पायडर-मॅनचे अमेरिकी प्रकाशक मार्व्हल यांच्या परवानगीने गोथम एंटरटेनमेंट ग्रुपने 'स्पायडर-मॅन: इंडिया' हे कॉमिक काढलं. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी ते घडवलं. मूळ स्पायडर-मॅन पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर झाला, त्याच्या मैत्रिणीची, मेरी जेनची मीरा जैन, बेनकाकांचे भीमकाका. चावून शक्ती देणाऱ्या किरणोत्सारी कोळ्याच्या जागी एक योगी आला आणि शत्रू झाला राक्षस.

नावं अशी अक्षराला अक्षर जुळवलेली. प्रभाकर हे आपल्याकडे घरोघरी आजोबांचं नाव असतं. आडनाव म्हणून कानावर आलं की जरा अडखळायला होतं. पण या कॉमिकमधली एक गोष्ट मला मनापासून आवडते. पवित्र गावाकडचा. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून काका-काकूंबरोबर मुंबईला आलेला. शाळेतली मुलं त्याला कशावरून चिडवतात? त्याच्या धोतरावरून. मारतातसुद्धा. आणि पुढे अंगात शक्ती आल्यावर हा मुलगा जीन्स चढवत नाही, धोतर नेसूनच लढतो. गावाहून शहरात शिकायला आलेल्या कुणालाही ही जागा वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

ही मालिका चार अंकांत संपली.

नव्या नायकाला मुळात स्पायडर-मॅनचंच नाव का लागतं, ते अमेरिकेतल्या दुकानात कळतं. तिथले कॉमिक-दुकानदार अंक छापून येण्याच्या कितीतरी आधी मागणी नोंदवतात आणि उरलेले अंक बहुतेक वेळा परत घेतले जात नाहीत. अनोळखी नायकावर पैसे कोण लावणार? म्हणून प्रकाशक नव्या चेहऱ्याला जुनं, खपणारं नाव देतात. २०११मध्ये माइल्स मोरालेस आला तो स्पायडर-मॅन म्हणून. २०१४मध्ये जर्सी सिटीतल्या पाकिस्तानी कुटुंबातली कमला खान स्वतःच्या मालिकेत आली ती 'मिस मार्व्हल' या जुन्या नावाने.

नाव उसनं होतं, पण कमलाचं घर उसनं नव्हतं. संपादक सना अमानत न्यू जर्सीत वाढलेल्या. आपल्या लहानपणाच्या गोष्टी त्या सहकारी स्टीफन वॅकर यांना सांगत होत्या, त्यातून ही मुलगी जन्मली. लेखिका जी. विलो विल्सन स्वतः मुस्लिम. आईवडिलांची बंधनं, मशीद, मैत्रिणी, सगळं त्या मुलीच्या डोळ्यांनी आलं. २०१५मध्ये तिच्या पहिल्या संग्रहाला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत बसवरच्या मुस्लिमद्वेषी जाहिरातींवर कुणीतरी तिची चित्रं चिकटवली. प्रकाशकाच्या कुठल्याही प्रचारमोहिमेत हे बसलं नसतं. वाचकांनीच तिला उचलून धरलं.

पवित्रला दुसरी मोठी संधी मिळायला २०२३ उजाडलं. 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' चित्रपटात तो मुंबट्टन नावाच्या शहरात भेटतो, मुंबई आणि मॅनहॅटन एकत्र केलेलं शहर. चित्रांची धाटणी इंद्रजाल कॉमिक्सवरून घेतलेली. ज्यांनी वेताळ आणि बहादूरचे ते अंक उशाशी ठेवून झोपायचा हट्ट केला असेल, त्यांना ते रंग लगेच ओळखू येतील. आता पवित्र आत्मविश्वासाने बोलतो, हसतो, केसांबद्दल फुशारकी मारतो. त्याच वर्षी नवं कॉमिकही आलं: लेखक निकेश शुक्ला, चित्रकार अभिषेक मालसुनी.

भारतात चित्रपटाचा प्रचार थेट क्रिकेटच्या मैदानातून झाला. हिंदी आणि पंजाबीत पवित्रला आवाज दिला शुभमन गिलने. इंग्रजीसह दहा भाषांत चित्रपट लागला, त्यात मराठीही होती. २००४मध्ये गावाहून मुंबईला आलेला तो पोरगा एकोणीस वर्षांनी थिएटरात मराठी बोलला.