फडावरचे आईबाप, गावातली मुले

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतली गावे रिकामी होऊ लागतात. मुकादमाकडून, म्हणजे ऊसतोड मजुरांची टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, आगाऊ घेतलेली उचल फेडण्यासाठी नवराबायकोची जोडी, म्हणजे हिशेबातला एक कोयता, ट्रॅक्टरमध्ये संसार भरून ऊस तोडायला कोल्हापूर, सांगली, सोलापूर किंवा कर्नाटकातल्या साखर कारखान्यांच्या वाटेला लागते आणि मार्च-एप्रिलमध्ये गळीत हंगाम संपेपर्यंत परतत नाही. अंगावरची लेकरे सोबत जातात आणि त्यांना सांभाळायला अनेकदा थोरली मुलगीही जाते. शाळेसाठी जी मागे राहतात, ती आजी-आजोबांच्या किंवा हंगामी वसतिगृहाच्या आधाराने राहतात.

या मुलांचा दिवस कसा जातो, हे त्यांच्या आईबापांना जे काही कळते ते फोनवरूनच. पहाटेच्या अंधारात उसाच्या फडात सुरू झालेली तोड आटोपून, मोळ्या बांधून, गाडी भरून झाली आणि कोपीवर, म्हणजे राहत्या झोपडीत, वीज नसल्याने कुठल्याशा टपरीवर ठेवलेला मोबाइल चार्ज होऊन हाती आला, तर रात्री बोलणे होते. जेवलास का, शाळेत गेला होतास का, आजीला त्रास देऊ नकोस. पलीकडून प्रत्येक प्रश्नाला 'हो' येते. गणितात कुठे अडते, वर्गात शेजारी कोण बसते, शाळेच्या वाटेवर कोणी छेड काढते का, हे त्या बोलण्यात येत नाही. मुलाला ताप येऊन गेलेला असतो, पण आजी ते सांगत नाही, कारण सांगितले तर सून काम टाकून निघेल आणि त्या खाड्याचे पैसे हिशेबातून कापले जातील. मुलेही आई रडेल म्हणून गप्प राहतात. एकमेकांना जपण्यासाठीच इथे बरेच काही दडवले जाते, आणि याला पालकांचा निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

गावी परतण्याआधी कारखान्याजवळच्या आठवडी बाजारात आई कपडे घ्यायला उभी राहते, तेव्हा तिला लेकीचे माप आठवणीतून घ्यावे लागते. शेजारच्या कोपीतल्या, साधारण तेवढ्याच वयाच्या मुलीच्या पाठीला फ्रॉक लावून ती पाहते आणि सहा महिन्यांत पोर वाढली असेल म्हणून एक माप मोठा घेते.

मुलगी तेरा-चौदा वर्षांची झाली, की हे न कळणे सर्वात महागात पडते. तिची पहिली पाळी आईच्या माघारी येते. ती कोणाशी बोलते, कुठे जाते, कोणाला घाबरते, हे सांगणारे कोणी नसते. मग काळजीपोटी तिचे लग्न उरकले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 40 टक्क्यांहून अधिक जणींचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाल्याचे आढळले, आणि हे प्रमाण राज्याच्या सरासरीच्या जवळपास दुप्पट आहे. गरिबी आणि हुंड्याइतकीच ही दूर राहून वाटणारी भीतीही त्यामागे आहे.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, असे ठरवले आहे. परंतु या गावांत निम्मे शालेय वर्ष हे सदस्यच फडावर असतात. म्हणून पालकसभा टोळ्या निघण्यापूर्वी एकदा आणि परतल्यावर एकदा झालीच पाहिजे, आणि मधल्या काळात शिक्षकांनी रात्रीच्या सोयीच्या वेळी आईबापांना स्वतः फोन करायला हवा. महाराष्ट्र दिनी, 1 मे रोजी, निकाल हाती पडतो, तेव्हा बहुतेक आईबाप गावात असतात. त्या दिवशी प्रगतिपुस्तकावर सही घेऊन त्यांना परत पाठवण्याऐवजी नोव्हेंबरपासूनची हजेरी महिन्यागणिक वाचून दाखवता येते, आणि जिथे दिवस कमी भरतात तिथे मूल कुठे होते, हे आईबापांसमोर त्याच्याकडूनच ऐकून घेता येते.