श्रीधराचार्यांची एक ओळ

नमस्कार श्रोतेहो.

दहावीतलं वर्गसमीकरण आठवतंय? पूर्ण वर्ग करताना अपूर्णांकांनी जीव नकोसा व्हायचा. त्यावरची एक जुनी युक्ती आज सांगणार आहे. ती कुणाची हे आपल्याला कळलं कसं, ते जास्त गमतीचं आहे.

११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा गणित-ज्योतिषाचा ग्रंथ पुरा केला. त्यातल्या बीजगणिताच्या भागात हा विषय आला, तेव्हा त्यांनी सरळ आधीचे गणिती श्रीधराचार्य यांचं सूत्रच दिलं, नावानिशी: ‘चतुराहतवर्गसमै रूपैः पक्षद्वयं गुणयेत्’. म्हणजे वर्गाच्या सहगुणकाची चौपट घ्या आणि तिनं दोन्ही बाजूंना गुणा. कागद घेऊन बसा हवं तर. दोन क्ष-वर्ग अधिक तीन क्ष बरोबर पाच. आठानं गुणलं की उजवीकडे चाळीस. आता क्षच्या सहगुणकाचा, तिनाचा, वर्ग दोन्हीकडे मिळवा. उजवीकडे एकोणपन्नास, मूळ सात. डावीकडचं मूळ चार क्ष अधिक तीन. क्ष आला एक. अपूर्णांक कुठे दिसला?

श्रीधराचार्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज मिळत नाही. सूत्र उरलं ते दुसऱ्यांनी उतरवून ठेवलं म्हणून. पद्मनाभ या आणखी एका जुन्या गणितीचा ग्रंथही गेला. ब्रह्मगुप्त, श्रीधर आणि पद्मनाभ यांची बीजगणितं फार विस्तृत, म्हणून सार काढून शिष्यांसाठी आटोपशीर केलं, असं भास्कराचार्य शेवटी मोकळेपणानं सांगतात.

अशा उल्लेखांत पान क्रमांक मात्र कुठेच नाही. पोथ्या हातानं उतरायच्या, दर प्रतीचं पान वेगळं. सांगून करायचं काय? नाव आणि श्लोक एवढं पुरे, बाकीचं शिष्याला मुखोद्गत.

आणि नाव काय फक्त नमस्कारापुरतं घ्यायचे? छे! ब्रह्मगुप्तांनी ६२८ साली आर्यभटांचं नाव घेऊन चुका काढल्या. भास्कराचार्यांनी आधीचे ज्योतिषी लल्लाचार्य यांना धरलं. गोलाचं पृष्ठफळ काढायला लल्लाचार्य वर्तुळाच्या क्षेत्रफळाला परिघानं गुणत. भास्कराचार्य म्हणाले, नुसत्या चारानं गुणा. चेंडूवरच्या जाळीसारखं ते पृष्ठ असतं. मला तर खोडून काढण्यासाठी घेतलेलं नाव जास्त प्रामाणिक वाटतं. त्यासाठी आधी मूळ ग्रंथ नीट वाचावा लागतो.

पुढे नाव घेतलं जाण्याची पाळी भास्कराचार्यांचीच आली. चाळीसगावजवळ पाटणला १२०७ चा शिलालेख आहे. तो सांगतो, नातू चांगदेवानं तिथे मठ काढला, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी.