मंत्रचळ, उंदीर आणि साठ गोट्या

(वडोदऱ्यातील मराठी श्रोत्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय 'ओसीडीच्या अभ्यासातील प्राणी-प्रतिमाने' असा छापला आहे. ओसीडी म्हणजे ऑब्सेसिव्ह-कंपल्सिव्ह डिसऑर्डर, आणि प्राणी-प्रतिमाने म्हणजे माणसाचा आजार समजून घेण्यासाठी प्राण्यांत शोधलेले त्याचे नमुने. ओसीडीला आपल्याकडे मंत्रचळ हा फार नेमका शब्द आहे. नको असताना मनात घुमत राहणारा विचार हा मंत्र, आणि त्या विचाराच्या धाकाने वीस वेळा हात धुणे किंवा स्टेशनवरून परत येऊन कुलूप ओढून पाहणे हा चळ, अशी त्याची फोड मी माझ्या सोयीने करतो. व्युत्पत्तीच्या जाणकारांनी ती चहापर्यंत चालवून घ्यावी. माझे म्हणणे एवढेच आहे की उंदीर आपल्याला चळ दाखवतो, मंत्र मात्र तो कोणालाही सांगत नाही, आणि आम्ही औषधशास्त्रवाले वर्षानुवर्षे चळ मोजून मंत्र मोजल्याचे समाधान मानत आलो.

हे मोजणे कसे चालते, ते सांगतो. पिंजऱ्यात पाच सेंटिमीटर जाडीचा लाकडी भुशाचा थर पसरायचा, त्यावर वीस काचेच्या गोट्या ओळीने मांडायच्या, एक उंदीर सोडायचा आणि अर्ध्या तासाने दोन-तृतीयांशाहून अधिक पुरल्या गेलेल्या गोट्या मोजायच्या. उंदराला औषध दिल्यावर तो कमी गोट्या पुरू लागला, तर ते औषध मंत्रचळावर चालण्याची आशा धरायची.

आम्ही तीन पिंजरे लावणार होतो, म्हणून साठ गोट्या लागणार होत्या. मी स्वतः मांडवीजवळच्या एका दुकानातून त्या आणल्या आणि दुकानदाराने गुजरातीत 'लखोटी, नंग 60' असे बिल करून दिले. आमच्या संस्थेच्या लेखा विभागात त्या वेळी बालपण साताऱ्याकडे गेलेले एक सद्गृहस्थ नुकतेच रुजू झाले होते. त्यांनी लखोटी म्हणजे लखोटे असे समजून सारी खरेदी स्टेशनरीच्या खात्यात टाकली. वर्षअखेरीस लेखापरीक्षकांनी साठ लखोटे कोणत्या पत्रव्यवहारासाठी वापरले, याची जावक नोंदवहीसह विचारणा केली. मी खरे ते लिहून दिले, तेव्हा 'खेळाचे साहित्य प्रयोगशाळेच्या अनुदानातून का घेतले?' असा दुसरा शेरा आला. तिसऱ्या खुलाशात मी उंदरांचे वर्तन सविस्तर लिहिले, आणि तीच माझी चूक झाली, कारण त्यानंतर गोट्या न संपणारी वस्तू ठरून डेडस्टॉक रजिस्टरात चढल्या. तेव्हापासून दर मार्चमध्ये आमचा शिपाई, एक लिपिक आणि मी अशी तीन माणसे त्या गोट्या मोजत असू. बेरीज अठ्ठावन्न आली की पुन्हा पहिल्यापासून मोजत असू, आणि तरीही अठ्ठावन्नच भरल्या की भुशाची पोती उपसत असू. शेजारच्या पिंजऱ्यातून उंदीर आमच्याकडे पाहत असत. निरीक्षण नेमके कोण करत होते, हे मी आपल्यावर सोडतो. (हशा)

तक्रार लांबली, पण तिच्यात मुद्दा आहे. आम्ही तिघे मोजत होतो ते रजिस्टरच्या भीतीने. उंदीर गोट्या का पुरतो? तो गोट्यांना घाबरत असावा, असे आधी वाटे. पण गोट्या नसलेला कोपरा मोकळा ठेवला तरी तो त्यांना टाळत नाही, आणि रोज त्याच गोट्या दिल्या तरी पुरण्याचा कंटाळा करत नाही. भुसा उकरणे हा त्याचा स्वभाव आहे आणि वाटेत आलेली गोटी आपोआप पुरली जाते, असे मानायला बरीच जागा आहे. त्याहून मोठी अडचण औषधांची आहे. डायझेपाम या चिंता शमवणाऱ्या औषधानेही गोट्या पुरणे कमी होते, आणि मंत्रचळाच्या रुग्णाला डायझेपामने आजारापुरता काही उपयोग होत नाही. फ्लुओक्सेटिन या नैराश्यावर आणि मंत्रचळावर देतात त्या औषधाच्या एका मात्रेने उंदीर शांत होतो, तर माणसाला तेच औषध बहुधा नैराश्यापेक्षा चढ्या मात्रेत द्यावे लागते आणि परिणाम जोखण्यासाठी दहा-बारा आठवडे थांबावे लागते. अर्ध्या तासात बरा होणारा रुग्ण माझ्या एकाही मनोविकारतज्ज्ञ मित्राने पाहिलेला नाही.

याउलट कुत्र्याकडे पाहा, कारण तो स्वतःहून आजारी पडतो. लॅब्रॅडॉरसारख्या मोठ्या जातींतील काही कुत्री स्वतःचा पंजा इतका चाटतात की तेथील केस जाऊन जखम होते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ रॅपोपोर्ट आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये अशा कुत्र्यांवरील औषधचाचण्या प्रसिद्ध केल्या. त्यांत क्लोमिप्रामिनने चाटणे कमी झाले, पण त्याच्याच कुळातील डेसिप्रामिनने झाले नाही, आणि माणसांच्या मंत्रचळातही या दोन औषधांत हाच भेद दिसतो: पहिले चालते, दुसरे नाही. तेव्हा कमाटीबागेतल्या पिंजऱ्यात येरझाऱ्या घालणाऱ्या वाघाचे काय, असे कोणी विचारील. ती बंदिवासाची सवय आहे. तिच्यावर माझी प्रतिमाने लादण्याचे धाडस मी करणार नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटे उरली आहेत आणि पत्रिकेवरचा विषय आत्ता कुठे सुरू होतो आहे, तेव्हा धावतच सांगतो.

2007 मध्ये मेंदूशास्त्रज्ञ ग्वोपिंग फेंग यांच्या गटाने सॅपॅप-3 हे जनुक काढलेले उंदीर 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात मांडले. हे उंदीर तोंड रक्तबंबाळ होईपर्यंत स्वतःला साफ करत राहतात. फ्लुओक्सेटिनच्या एका टोचणीने त्यांना फरक पडला नाही, सलग सहा दिवस दिल्यावर पडला. आणि मेंदूतील स्ट्रायाटम या भागात ते जनुक विषाणूवाटे परत पोचवल्यावर खोड बरीच सुटली. मग 2013 मध्ये 'सायन्स'च्या एकाच अंकात दोन प्रयोग आले. सुझान अहमारी आणि सहकाऱ्यांनी डोळ्यांमागच्या ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्सकडून स्ट्रायाटमकडे जाणारे तंतू प्रकाशाला प्रतिसाद देतील असे करून रोज काही मिनिटे प्रकाशाने चेतवले. प्रकाश चालू असताना उंदरांची साफसफाई वाढत नव्हती, पण दिवसागणिक एरवीची साफसफाई वाढत गेली आणि चेतवणे थांबवल्यावरही टिकली. बुर्गिएर यांच्या गटाने त्याच कॉर्टेक्सच्या बाहेरच्या बाजूकडून येणारा मार्ग चेतवला, तेव्हा सॅपॅप-3 नसलेल्या उंदरांची अतिरेकी साफसफाई उलट आवरली गेली. शेजारशेजारच्या दोन मार्गांची कामे अशी विरुद्ध निघतात, हे गोट्यांनी शंभर वर्षांत सांगितले नसते. माणसाच्या मेंदूच्या चित्रांत याच परिपथाची, म्हणजे कॉर्टेक्स आणि स्ट्रायाटम जोडणाऱ्या मार्गांची, जादा हालचाल दिसते, म्हणून या उंदरांना मी मान देतो; मात्र परिपथ सापडला म्हणजे त्यात फिरणारा मंत्र सापडला, असे कोणी म्हटले तर मी हात वर करीन.

होक्स-बी-8 हे जनुक बिघडल्याने अशीच अतिरेकी साफसफाई करणारे उंदीर आणि त्यांचे अस्थिमज्जारोपण आज राहूनच गेले. प्रश्न जरूर विचारा. फक्त आपला कुत्रा पंजा चाटत असेल तर मला विचारण्याआधी त्याला पशुवैद्याकडे न्या, कारण पुष्कळदा ती साधी त्वचेची अ‍ॅलर्जी असते.