आधी दिसलेलं लिहा

(महाविद्यालयात मानसशास्त्र हा मेजर विषय घेतलेल्या नव्या विद्यार्थ्यांसमोर दिलेलं व्याख्यान. छापण्यासाठी थोडं संपादित केलं आहे.)

मित्रमैत्रिणींनो, नमस्कार.

प्रवेशाच्या दिवशी तुमच्याकडून एका चिठ्ठीवर एकच वाक्य लिहून घेतलं होतं : मानसशास्त्र का घेतलं? काल रात्री त्या चिठ्ठ्या वाचत बसले होते. निम्म्याहून जास्त जणांनी लिहिलंय, ‘माणसं ओळखता यावीत म्हणून.’ काही जणांच्या घरात कुणीतरी आजारी आहे, त्या माणसासाठी काही करता यावं असं त्यांना वाटतंय. एकीने लिहिलंय, ‘मला स्वतःचंच काही कळत नाही म्हणून.’ आणि तिघांनी सरळ लिहून टाकलंय की दुसऱ्या विषयाच्या जागा भरल्या होत्या. या तिघांनी जराही संकोच करू नये. खरं ते लिहिलं, ही या विषयात चांगलीच सुरुवात आहे.

‘माणसं ओळखता यावीत’ यावर मात्र मला आज बोलायचं आहे. घरी नातेवाईक तुम्हाला विचारू लागलेच असतील, ‘मग आता आमच्या मनात काय चाललंय ते सांग बघू!’ सांगता येणार नाही. आज येणार नाही, पदवी झाल्यावरही येणार नाही. हा विषय मी तीस वर्षं शिकवते आहे, मलाही येत नाही.

मी पहिल्या वर्षाला असतानाची गोष्ट सांगते. वसतिगृहात आमच्या खोलीशेजारी एक मुलगी राहायची. हाक मारली तर कधी ओ द्यायची, कधी सरळ निघून जायची. मी नुकतेच न्यूनगंड आणि अहंगंड हे शब्द शिकले होते. मी मैत्रिणींना ठामपणे सांगितलं की हिला अहंगंड आहे. मानसशास्त्राची विद्यार्थिनी सांगते म्हटल्यावर सगळ्यांनी मानलं आणि महिन्याभरात तिच्याशी कुणी धड बोलेना. परीक्षेच्या सुमारास तिनेच एकदा मला सांगितलं की लहानपणी कान फुटल्यापासून तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही. डाव्या बाजूने हाक मारली की तिला कळायचंच नाही. मी तिची माफी मागितली, पण वर्ष संपलं होतं. ते वर्ष तिने एकटीने काढलं, आणि त्याला माझा एक शब्द कारणीभूत होता.

म्हणून माझ्या वर्गात पहिलं काम एकच असतं. दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक पान मधोमध दुमडा. डाव्या बाजूला लिहा ‘दिसलं’, उजव्या बाजूला लिहा ‘वाटलं’. ‘हाक मारली, तिने मागे वळून पाहिलं नाही’ हे डावीकडे. ‘ती गर्विष्ठ आहे’ हे उजवीकडे. उजवीकडे लिहायला बंदी नाही, पण तिथलं प्रत्येक वाक्य लिहिताना आणखी दोन शक्यता सुचल्या पाहिजेत. हे ऐकायला सोपं वाटतं. करायला बसलात की लक्षात येईल, ‘तो चिडून बोलला’ हे वाक्य आपण डावीकडे लिहून मोकळे होतो. चिडणं दिसत नाही. आवाज वाढलेला ऐकू येतो, भुवया आक्रसलेल्या दिसतात. चिडला, हे आपण जोडतो.

आता प्रयोगशाळेकडे येते. १८७९ साली विल्हेल्म वुंट यांनी जर्मनीत लायप्झिगला प्रयोगशाळा काढली, तिथपासून या शास्त्राचा इतिहास मोजायची पद्धत आहे. आपल्या देशात १९१६ साली कलकत्ता विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. आपली प्रयोगशाळा म्हणजे दोन कपाटं आणि सहा टेबलं. स्टॉपवॉच आहेत, रंगाचं नाव एक आणि शाई दुसऱ्याच रंगाची अशी स्ट्रूपची कार्डं आहेत, बाणांच्या टोकांमुळे सारख्या रेषा लहानमोठ्या दिसतात ती म्यूलर-लायरची पट्टी आहे आणि आरशात बघून तारा गिरवायचं उपकरण आहे. हे शेवटचं माझं आवडतं. आरशात हात उलटा दिसतो, पेन्सिल भलतीकडेच पळते, हुशार विद्यार्थीही पहिल्या फेरीत चाळीस-पन्नास चुका करतात. दहा फेऱ्या झाल्या की हात आपोआप वळायला लागतो. मग हात बदलून, ज्या डाव्या हाताने एकदाही सराव केला नाही, त्याने गिरवायला सांगायचं. बहुतेक वेळा तोही पहिल्यापेक्षा बरा चालतो. शिकला कोण, हात की आणखी कुणी, हा प्रश्न तिथे उभ्या उभ्या पडतो.

या प्रयोगांची जर्नल लिहावी लागते. इथे मला तुमच्याकडून एक वचन हवं आहे. वरच्या वर्गातल्या ताईदादांची जुनी जर्नल मिळते, त्यातले आकडे थोडे इकडेतिकडे करून उतरवले की काम भागतं. कृपा करून हे करू नका. तुमच्या प्रयुक्ताने, म्हणजे ज्याच्यावर तुम्ही प्रयोग करता त्याने, जे केलं तेच आकडे लिहा. पुस्तकात लिहिलंय त्याच्या उलट निकाल आला, तर उलट लिहा आणि चर्चेत सांगा की असं का झालं असावं. मी अशा जर्नलला कधीही कमी गुण दिलेले नाहीत.

याचं कारण गुणांपलीकडचं आहे. २०१५ साली जगभरातल्या संशोधकांनी मिळून एक मोठं काम प्रसिद्ध केलं. मानसशास्त्रातले १०० छापील अभ्यास त्यांनी पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांमध्ये संख्याशास्त्रीय कसोटीला उतरणारा निकाल होता. पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांमध्येच आला. तुम्ही मार्शमेलोचा प्रयोग मोबाइलवर पाहिलेला असेल : लहान मुलासमोर गोळी ठेवायची, थांबलास तर दोन देईन म्हणायचं, आणि जी मुलं थांबतात ती पुढे आयुष्यात यशस्वी होतात असं सांगायचं. २०१८ साली ९०० हून जास्त मुलांच्या माहितीवरून हे तपासलं, तेव्हा तो संबंध मूळ दाव्याच्या साधारण निम्म्यावर आला. घरची परिस्थिती, आईचं शिक्षण असे घटक हिशेबात घेतल्यावर तो आणखी पुष्कळ कमी झाला. ज्या घरात डब्यातला खाऊ उद्या असेलच याची खात्री नसते, त्या घरातलं मूल समोरचा खाऊ लगेच खातं, यात त्याच्या स्वभावाचा दोष किती आणि घरातल्या डब्याचा किती?

हे ऐकून काही विद्यार्थी निराश होतात, म्हणतात, मग शिकायचं तरी काय? मला उलट वाटतं. ज्या शास्त्राने स्वतःचेच शंभर निकाल पुन्हा तपासले आणि आलेलं उत्तर छापून टाकलं, त्यावर माझा विश्वास वाढला.

आणि आपल्यासाठी त्यात एक मोठी जागा मोकळी आहे. २००८ साली जेफ्री आर्नेट यांनी अमेरिकेतल्या नामवंत मानसशास्त्रीय नियतकालिकांचा आढावा घेतला. त्यांतल्या अभ्यासांत भाग घेतलेल्यांपैकी ९६ टक्के माणसं पाश्चात्त्य औद्योगिक देशांतली होती. म्हणजे पाठ्यपुस्तकात ‘माणूस असा वागतो’ असं वाक्य येतं तेव्हा तो माणूस बहुधा तिकडचा, आणि पुष्कळदा तिकडचा कॉलेजातला विद्यार्थी असतो. जतची शेतकरी बाई, भिवंडीचा यंत्रमाग कामगार, मेळघाटातलं कोरकू मूल त्यात नाही.

आपल्याकडे हे लवकर ओळखणारी माणसं होती. बिने आणि सिमाँ यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये बुद्धिमापनाची चाचणी केली ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना मदत मिळावी म्हणून. १९३० च्या दशकात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कानडी मुलांसाठी नव्याने बसवली. बिने-कामत चाचणीचं नाव तुम्हाला आजही दवाखान्यांत ऐकू येईल. पुण्यात १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी सुरू झाली, तिथेही मराठीतून बुद्धिमत्तेच्या चाचण्या बांधायचं काम झालं. चाचणी बसवणं म्हणजे नुसतं भाषांतर करणं नव्हे. कोणता प्रश्न इथल्या मुलाला अवघड जातो आणि कोणता केवळ अनोळखी वाटतो, हे शेकडो मुलांसमोर बसून पाहावं लागतं.

इथे मला मराठी माध्यमातून आलेल्यांशी विशेष बोलायचं आहे. दरवर्षी तुमच्यातलं कुणीतरी येऊन म्हणतं, ‘मॅडम, पुस्तकं इंग्रजीत आहेत, मला जमणार नाही.’ इंग्रजी शिकावंच लागेल, त्यात सवलत नाही. रोज एक पान वाचा, अडलेला शब्द मागच्या पानावर मराठी अर्थासह लिहा. पहिले तीन-चार महिने वाचन रेंगाळेल, मग सुटेल. पण तुमच्याकडे जे आहे त्याची किंमत ओळखा. प्रश्नावलीत छापलेलं असतं, ‘गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला निराश वाटलं का?’ गावातली मावशी म्हणते, ‘नाही बाई, निराश कशाला?’ आणि पुढच्याच वाक्याला सांगते की खाल्लेलं गोड लागत नाही, कामात जीव लागत नाही, पहाटे तीनला डोळा उघडतो, छातीवर धोंडा ठेवल्यासारखं होतं. कागदावर ‘नाही’ची खूण झालेली असते. ‘जीव लागत नाही’ आणि ‘मन लागत नाही’ यांत फरक काय, ‘जीव घाबरा होतो’ म्हणजे नेमकं शरीरात काय होतं, हे विचारून, नोंदवून, मोजून कुणीतरी लिहायला हवं. ते काम त्या भाषेत वाढलेलं माणूसच नीट करू शकतं. मायनर विषय निवडायचा असेल तेव्हा मराठी, समाजशास्त्र यांकडेही या नजरेने बघा.

संख्याशास्त्राची भीती. बारावीपर्यंत गणित टाळत आलेले बरेच जण इथे आहेत, आणि वेळापत्रकात संख्याशास्त्र दिसल्यावर पोटात गोळा आला असेल. एकच उदाहरण देते. दहा जणांनी गाणी ऐकत वीस शब्द पाठ केले, त्यांना सरासरी ११ आठवले. दहा जणांनी शांततेत केले, त्यांना १२. शांतता बरी, असं म्हणायचं का? समजा शांततेतल्या दहाही जणांना ११ ते १३ च्या मध्येच शब्द आठवले आणि गाणी ऐकणाऱ्यांना १० ते १२. तर या एका शब्दाच्या फरकाला काही वजन आहे. पण दोन्ही गटांत कुणाला ५, कुणाला १८ असे आकडे असतील, तर एक हुशार मुलगी इकडची तिकडे बसली असती तरी निकाल फिरला असता. आकडे सरासरीपासून किती पसरलेत हे मोजणं म्हणजे प्रमाणित विचलन. त्या पसरणीच्या मानाने फरक योगायोगाचा म्हणावा की नाही, हे ठरवण्याची रीत पुढच्या सत्रांत शिकाल. आपल्या वहीतली उजवी बाजू, ‘वाटलं’ची, तपासायचं हे साधन आहे. त्याला लागणारं गणित सातवीतलं आहे. अडलं तर प्रयोगशाळेत या, कितीही वेळा या.

अभ्यास कसा करायचा, हे तर आपल्याच विषयाने शोधलेलं आहे. एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं बरंचसं पहिल्या काही तासांतच निसटतं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके यांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले, काहींनी वाचून मग कागद बाजूला ठेवून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा लिहिणारे पुढे गेले. तेव्हा रंगीत पेनांनी पान भरवण्यापेक्षा पुस्तक मिटा आणि लिहा. लिहिताना त्रास होतो, रिकामं वाटतं, पण तेच चालू ठेवायचं.

पदवीनंतरचं थोडक्यात. बी.ए. झाल्याने कुणी समुपदेशक होत नाही आणि कुणाच्या आजाराचं निदान करायचा अधिकार मिळत नाही. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर, एम.बी.बी.एस. नंतर मनोविकारशास्त्र शिकलेला, औषध तोच देतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाला (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला) १९९२ च्या कायद्याने आलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते, आणि परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम लागतो. त्या अभ्यासक्रमांचे नियम सध्या बदलताहेत, म्हणून कुठल्याही संस्थेची जाहिरात पाहून पैसे भरण्याआधी परिषदेच्या संकेतस्थळावर तिचं नाव शोधा. शाळा, उद्योग, संशोधन, पुनर्वसन हे रस्ते वेगळे आहेत, त्यावर दिवाळीनंतर स्वतंत्र बसू.

ज्या मुलीने ‘मला स्वतःचंच काही कळत नाही’ असं लिहिलं, तिच्यासाठी आणि तसंच वाटूनही ज्यांनी लिहिलं नाही त्यांच्यासाठी. विकृतिमानसशास्त्राचं, म्हणजे मनाच्या आजारांचं पुस्तक उघडलं की प्रत्येक पानावर आपलंच वर्णन आहे असं वाटू शकतं. त्यावरून स्वतःला कुठलंही नाव देऊ नका. पण खरोखर त्रास होत असेल, झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर पुस्तकात उत्तर शोधत बसू नका. माझ्याकडे या, किंवा १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ती सरकारची टेलि-मानस सेवा आहे, मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. शिकणाऱ्याने मदत घेतल्याने त्याची योग्यता कमी होत नाही. मी स्वतः घेतलेली आहे.

आता पहिलं काम. येत्या रविवारी एस.टी. स्टँडवर जा. एका जागी बसा, पंधरा मिनिटं. फोन पिशवीत. कुणाचा फोटो काढायचा नाही, नाव विचारायचं नाही, कुणाला ओळखता येईल असं काही लिहायचं नाही. वहीचं पान दुमडा आणि डावी बाजू भरा. उजवी बाजू कोरी ठेवा. मंगळवारी साडेअकराला प्रयोगशाळेत वह्या अदलाबदल करू, आणि तुमच्या डाव्या बाजूतली कोणती वाक्यं उजवीकडे जायला हवीत, ते तुमच्या शेजारचा शोधेल. पेन्सिल आणा, खोडरबर आणू नका.