सलालाहला जायचं, पण कधी?

[दृश्य: सरळसोट काळा रस्ता, दोन्हीकडे पिवळट सपाट माळ. गाडीच्या काचेतून.]

ओमानच्या वाळवंटातलं थुमरैत गाव मागं पडलंय. जुलैचा तिसरा आठवडा, दुपारचे अडीच. गाडीतला आकडा बाहेरचं तापमान दाखवतोय: 42. खिडकीची काच हाताला चटका देते. गेले कित्येक तास झाड म्हणावं असं काही दिसलेलं नाही.

रस्ता हळूहळू चढू लागतो. 38. 34. समोर डोंगराच्या कडेवर मळकट कापूस पिंजून पसरल्यासारखं काहीतरी दिसतं. 31. मग एका वळणावर ड्रायव्हर काही न बोलता वायपर सुरू करतो.

26.

काचेवर पाणी. रस्त्याकडेला गवत, आणि गवतात गाई. पाव तासापूर्वी आम्ही वाळवंटात होतो, हे सांगून पटायचं नाही. म्हणून कॅमेरा सुरूच ठेवला होता.

[दृश्य: अरबी समुद्राचा नकाशा. रत्नागिरीपासून पश्चिमेकडे सरकणारी रेघ.]

हा ओमानच्या दक्षिणेचा धोफार प्रांत. सलालाह त्याचं मुख्य शहर, मस्कतपासून सुमारे 1000 किलोमीटर दूर. आणि रत्नागिरीपासून? भगवती बंदरावर उभं राहून नाकासमोर पश्चिमेला निघालात, कुठेही न वळता, तर सुमारे 2000 किलोमीटरवर जो किनारा लागेल, तो हाच. दोन्ही गावं 17 अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास. समुद्र तोच, नैर्ऋत्येचा वारा तोच, महिनेही तेच. पण रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि सलालाहला जेमतेम शंभर-सव्वाशे. आपल्याकडे एवढा एका रात्रीत कोसळतो, आणि सकाळी घरात चर्चा होते ती शाळेला सुट्टी आहे की नाही याची.

मग हे हिरवं येतं कुठून?

आपल्याकडे येणारा वारा अख्खा समुद्र ओलांडून, भरपूर बाष्प घेऊन थेट सह्याद्रीवर आदळतो आणि वर चढतो. धोफारला तो किनाऱ्याला समांतर वाहतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे किनाऱ्यालगतचं वरचं, कोमट पाणी आत समुद्राकडे ढकललं जातं आणि त्याच्या जागी खालचं थंडगार पाणी वर येतं. दमट हवा या गार पाण्यावरून सरकली की तिचं धुकं होतं. ते डोंगराला येऊन टेकतं, पण वर चढू शकत नाही, कारण वर वाळवंटाची तापलेली कोरडी हवा झाकणासारखी बसलेली असते. ढग उंच वाढत नाहीत, गडगडाट नाही, धो-धो नाही. तीन महिने नुसती झिमझिम.

पण झाडं हुशार आहेत. धुकं पानांतून गाळून घ्यावं तसं त्यांच्यावर साचतं आणि थेंब थेंब बुंध्याशी गळतं. पर्जन्यमापकात न मोजलं जाणारं हे पाणीच डोंगर जगवतं. इथलं मुख्य झाड आपल्या धावड्याचा सख्खा चुलतभाऊ आहे. वर्षातले बरेच महिने निष्पर्ण, वाळक्या काटक्यांसारखं उभं असतं. धुकं आलं की अंगभर पालवतं.

[दृश्य: धुक्यात अर्धवट दिसणारी गर्द झाडं. थेंबांचा आवाज.]

या मोसमाला इथे म्हणतात खरीफ. हो, आपलाच खरीप. अरबीत खरीफ म्हणजे शरद, पीक हाती येण्याचा काळ. हा शब्द आपल्या सातबाऱ्यावर आला आणि पेरणीच्या हंगामाला चिकटला. धोफारात तो थेट पावसाचंच नाव झाला. ‘मोसमी’ वाऱ्यातला मोसमही अरबीच, ‘मौसिम’. या समुद्राच्या दोन्ही काठांनी वाऱ्यावर पोट भरलंय, त्यामुळे शब्द इकडून तिकडे गेले यात नवल नाही.

सरकारी हिशेबाने खरीफ 21 जून ते 21 सप्टेंबर. म्हणून कुणी 21 जूनचं तिकीट काढू नका. डोंगर तेव्हा तपकिरीच असतात. हिरवं धरायला दोन-तीन आठवडे जातात. रंग भरतो जुलैच्या मध्यापासून, आणि त्याच वेळी अख्खं आखात इकडे लोटतं. खरीफमध्ये दहा लाखांच्या आसपास माणसं येतात. दुबई, रियाध, कुवेत 45 अंशांवर भाजत असताना इथे 25-26. माणसं चादरी अंथरून चक्क चिखलात बसतात, वर छत्री नाही.

[दृश्य: वादी दरबात. कुटुंबं, थर्मास, धुराचे लोट.]

दरबातच्या खोऱ्यात एक मराठी कुटुंब भेटलं. मस्कतमध्ये नोकरी, मुलांचा जन्म तिथलाच. बाबा मुलांना पाऊस दाखवायला हजार किलोमीटर गाडी हाकत आले होते. मुलं हात पसरून गोल गोल फिरत होती. सोबत चिपळूणहून आलेली आजी शाल गुंडाळून गाडीच्या दारात बसलेली.

“कसा वाटला पाऊस, आजी?”

“पाऊस?” आजींनी वर बघितलं. “अरे, आमच्याकडे याला शितोडे म्हणतात. पाऊस पडायला लागला की सांग, मी आत बसते.”

सलालाहला कधी जायचं, या प्रश्नाचं अर्धं उत्तर आजींनी देऊन टाकलंय. उत्तम मोसम कोणता, हे तुम्ही कुठून निघताय त्यावर ठरतं. आखातात राहत असाल तर ऑगस्टला पर्याय नाही. पण पुण्या-मुंबईहून, ऐन श्रावणात, महागडं हॉटेल घेऊन झिमझिम बघायला जाणं मला तरी पटत नाही. माळशेजला जा, आंबोलीला जा. शिवाय जुलै-ऑगस्टात धुकं इतकं दाट असतं की डोंगर हिरवा आहे हे लोकांनी सांगितलं म्हणून मानायचं. आमचे चित्रीकरणाचे दोन अख्खे दिवस पांढऱ्या पडद्याचं चित्रीकरण करण्यात गेले.

एक अपवाद मात्र करतो. मुगसैल.

[दृश्य: खडकातली जाळी बसवलेली भोकं. क्षणभर शांतता. मग फवारा.]

किनाऱ्यावरच्या चुनखडीच्या खडकाला आरपार भोकं पडली आहेत. खालून लाट आत घुसली की आधी जमिनीतून घोरल्यासारखा आवाज येतो, मग गार खारट हवेचा झोत, आणि मग पाण्याचा खांबच वर उसळतो. हे पाहायचं तर खवळलेला समुद्रच हवा. हिवाळ्यात गेलात तर भोकं नुसते उसासे टाकतात. पण याच समुद्रात खरीफमध्ये पाय घालायची सोय नाही. लाटा माणूस ओढून नेतात. आपल्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर काढलेल्या असतात, तसंच इथेही.

नारळावरून आठवलं. शहरातल्या बागांच्या कडेने शहाळी, केळी, पपया टांगलेल्या टपऱ्या ओळीनं लागतात. अरबीत नारळाला म्हणतात नारजील, शब्द ओळखीचा वाटतोच. एका टपरीवरच्या मल्याळी गृहस्थांना विचारलं, सलालाहला सगळ्यात चांगला मोसम कोणता? शहाळ्याचं तोंड छाटत ते हिंदीत म्हणाले, “ऑगस्ट. गिऱ्हाईक तेव्हाच असतं.”

[दृश्य: निळं आकाश. हिरव्या डोंगरमाथ्यावरून दिसणारा समुद्र.]

माझं उत्तर: सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचा मध्य.

खरीफनंतरच्या या मोसमाला इथे ‘सर्ब’ म्हणतात. धुकं उठतं आणि तीन महिने झाकून ठेवलेला डोंगर एकदम उघडा पडतो. गवत गुडघाभर, ऊन कोवळं, झऱ्यांना पाणी. गर्दी परत गेलेली, खोल्यांचे भाव उतरलेले. समुद्र निवळू लागलेला. हे हिरवं फार टिकत नाही. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बरंचसं पिवळं पडतं, कासच्या पठारासारखंच, उशीर केला तर गेलं.

मात्र याला एक खोट आहे, ती लपवणार नाही. अरबी समुद्रातली चक्रीवादळं पावसाळ्याच्या आधी आणि नंतर येतात, म्हणजे मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. मे 2018 मध्ये मेकुनू वादळ सलालाहजवळच धडकलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात आलं लुबान. या दोघांच्या पावसानं रुब अल खालीच्या वाळवंटात, टेकड्यांच्या मधे, तळी साचली. ओलसर वाळूत टोळांच्या पिढ्यांमागून पिढ्या वाढल्या, येमेनमध्ये, आफ्रिकेत, इराणमध्ये पसरल्या. त्या साथीतल्या टोळधाडी मे 2020 मध्ये अमरावती, वर्धा, नागपूरच्या शेतांवर उतरल्या. धोफारच्या मागच्या वाळूत पडलेला पाऊस विदर्भातल्या संत्र्यांपर्यंत पोहोचतो तो असा. तेव्हा ऑक्टोबरचं तिकीट काढा, पण हवामानाच्या बातम्या बघत राहा.

[दृश्य: वाळूच्या लाटा, सायंकाळ. लांब सावल्या.]

आणि वाळवंट? त्याचा मोसम वेगळा. डोंगरापलीकडे रुब अल खाली सुरू होतो, ‘रिकामा चतुर्थांश’. तिथे डिसेंबर ते फेब्रुवारी. हे माझं मत नाही. ब्रिटिश प्रवासी बर्ट्रम टॉमस डिसेंबर 1930 मध्ये धोफारहून उंटांवर निघाला आणि वाळवंट पार करून फेब्रुवारीत कतारला पोहोचला. 1946 मध्ये विल्फ्रेड थेसिजरही सलालाहहून निघाला तो पावसाळा सरल्यावर. उन्हाळ्यात तिथे जाण्याचं धाडस त्यांनाही नको होतं. नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्यांना वाळू दिवसा सोसवते आणि रात्री स्वेटर लागतो.

धुकं आणि वाळू यांच्या अगदी सीमेवर, सलालाहपासून 40 किलोमीटरवर, वादी दौका आहे. बुटकी, वेडीवाकडी, पापुद्रे सुटलेली झाडं. हाच लुबान, आपला लोबान. आपल्या सालईचा नातलग. त्याला खरीफचा गार वारा चालतो, पाऊस नको असतो. एप्रिलच्या सुमारास सालीवर छोटा छेद देतात. दुधासारखा थेंब येतो, सुकतो, तो खरवडून टाकतात. चांगला माल नंतरच्या छेदांचा. मी एक सुकलेला थेंब बोटांत चोळला. लिंबू, राळ आणि गुरुवारची संध्याकाळ, असा वास आला.

या थेंबांसाठी दोन हजार वर्षांपूर्वी भारतातून गलबतं यायची. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात नोंद आहे: भडोचकडून आणि दक्षिणेतून आलेल्या जहाजांना मोसम उलटला, तर ती इथल्याच बंदरात हिवाळा काढतात, आणि कापड, गहू, तिळाचं तेल देऊन धूप घेतात. ते बंदर म्हणजे बहुतेक आजचं खोर रोरी. उशीर झाला की मुक्काम वाढवायचा, हे तेव्हाचं तंत्र. आता परतीच्या तिकिटामुळे ते जमत नाही.

[दृश्य: सप्टेंबरअखेर. डोंगराकडे जाणारा रस्ता, सकाळ.]

आम्ही दुसऱ्यांदा गेलो तो सप्टेंबर संपताना. डोंगराच्या रस्त्यावर गाड्यांची रांग थांबलेली. कुणी भोंगा वाजवत नव्हतं. समोर शंभरेक उंट, रस्ताभर पसरून, संथ चालीनं वर निघाले होते. खरीफमध्ये निसरड्या चिखलामुळे आणि माशांमुळे त्यांना खाली मैदानात आणतात. चिखल वाळला की ते परत डोंगर चढतात. मागून चालणाऱ्या मुलाच्या हातात काठी होती, पण ती तो वापरत नव्हता. सगळ्यात मागचं पिल्लू मधेच थांबलं, रस्त्याकडेच्या गवताचा एक घास घेतला, आणि पळत जाऊन आईला गाठलं.