मतपत्रिकेवर न दिसणारे हक्क

श्रोतेहो, नमस्कार.

आयर्लंडमध्ये लिस्बन करारावर, म्हणजे युरोपीय संघाचे मूळ करार बदलणाऱ्या करारावर, दोनदा सार्वमत झालं. १२ जून २००८ ला ५३.४ टक्के मतं विरोधात पडली. २ ऑक्टोबर २००९ ला ६७.१ टक्के बाजूने. मतपत्रिकेवरचा प्रश्न मात्र दोन्ही वेळा कोरडाच होता: राज्यघटना दुरुस्तीचं विधेयक तुम्हाला मान्य आहे का? पुढे 'तॉ' किंवा 'नील', म्हणजे होय किंवा नाही, आणि फुली मारायला चौकट. मानवी हक्कांचा उल्लेखच नाही. पण त्या फुलीवर युरोपीय संघाची मूलभूत हक्क सनद बंधनकारक होणं अवलंबून होतं.

ही सनद तेव्हा नवी नव्हती. ७ डिसेंबर २००० ला नीस इथे ती जाहीर झाली होती. लिस्बन कराराने युरोपीय संघ कराराच्या कलम ६ मधून तिला करारांइतकंच कायदेशीर वजन दिलं.

मतदाराला माहिती देताना हमखास चूक होते ती हक्कांची नुसती यादी वाचून दाखवण्याची. सन्मान, स्वातंत्र्य, समता, न्याय... ऐकायला छान. ऐकणाऱ्याला वाटतं, आता घरमालकाशी भांडण झालं तरी सनद दाखवता येईल. तसं नाही. सनदेचं कलम ५१ सांगतं की ती संघाच्या संस्थांना लागू आहे, आणि सदस्य देशांना ते संघाचा कायदा अमलात आणत असतील तेवढ्यापुरतीच. म्हणून सनद समजावताना सुरुवात ५१ पासून करावी, मग मागे यावं.

एक उदाहरण घेऊ. कोण कुणाला, कधी, कुठून फोन करतो याच्या नोंदी ६ महिने ते २ वर्षं ठेवायला लावणारा संघाचा एक निर्देश होता. आयर्लंडमधल्या एका संस्थेने त्याला आव्हान दिलं. तिथल्या उच्च न्यायालयाने प्रश्न लक्झेंबर्गच्या, म्हणजे युरोपीय संघाच्या, न्यायालयाकडे पाठवला, आणि ८ एप्रिल २०१४ ला तो निर्देश रद्द झाला. आधार होता सनदेची कलमं ७ आणि ८, म्हणजे खासगी आयुष्य आणि वैयक्तिक माहिती. निर्देश संघाचाच असल्यामुळे सनद लागू पडली.

प्रश्न पाठवला तो न्यायाधीशांनी, हेही लक्षात घ्या. सामान्य माणूस सहसा थेट लक्झेंबर्गला जाऊ शकत नाही. स्ट्रासबर्गचं न्यायालय वेगळं. ते १९५० च्या युरोपीय मानवी हक्क कराराचं, संघाचं नव्हे. तिथे व्यक्ती स्वतः जाऊ शकते, पण देशातले सगळे उपाय संपल्यावर, आणि त्या वेळी अंतिम निकालापासून ६ महिन्यांच्या आत. मतदारांसाठीच्या पत्रकात ही दोन न्यायालयं एकाच ओळीत कोंबली, की मतदाराचा गोंधळ झालाच म्हणून समजा.

दुसरी अडचण अफवांची. फाशी परत येणार, असंही काहींनी सांगितलं. सनदेचं कलम २ मृत्युदंड सरळ नाकारतं. संशयाला जागा मिळाली ती सोबतच्या स्पष्टीकरणांमुळे: त्यांत जुन्या मानवी हक्क कराराचा युद्धकाळातला अपवाद उद्धृत केला आहे. पण आयर्लंडने २००१ च्या सार्वमतानंतर घटना दुरुस्त करून फाशीला पूर्ण बंदी घातली होती, आणि सनदेचं कलम ५३ म्हणतं की तिच्यामुळे देशाच्या घटनेतलं संरक्षण कमी होत नाही. अशा वेळी 'ही अफवा आहे' एवढं म्हणून भागत नाही. कलम, स्पष्टीकरण आणि घटना, तिन्ही शेजारी ठेवून दाखवावं लागतं.

गर्भपात, करआकारणी, लष्करी तटस्थता यांबद्दलची भीती मात्र सरकारला लेखी हमी मिळवून दूर करावी लागली. जून २००९ मध्ये युरोपीय परिषदेने, म्हणजे संघातल्या देशांच्या प्रमुखांच्या बैठकीने, ती दिली. तिच्यामुळे कराराचा मजकूर बदलला नाही. पुढे तिचा प्रोटोकॉल, म्हणजे करारांना जोडलेला पूरक मजकूर, झाला आणि १ डिसेंबर २०१४ पासून लागू झाला.

शेवटचा मुद्दा एका क्रियापदाचा. युरोपीय संघ कराराचं तेच कलम ६ म्हणतं, संघ १९५० च्या मानवी हक्क करारात सामील होईल. ऐकणाऱ्याला वाटतं, लिस्बन कराराला मंजुरी मिळाली की झालंच. प्रत्यक्षात त्यासाठी वेगळा करार लागतो. त्याचा मसुदा तयार झाला, आणि १८ डिसेंबर २०१४ ला लक्झेंबर्गच्याच न्यायालयाने तो संघाच्या कायद्याशी विसंगत ठरवला.

नमस्कार.